मरीना बराज, सिंगापूर: शहराच्या शेपटाला बांधलेलं पिण्याचं तळं

पाचपैकी साडेचार गुण. अर्धा का कापला ते ओघात येईलच.

सिंगापूरला जाणारे आपले लोक मर्लायनपाशी फोटो काढतात, तीन इमारतींच्या डोक्यावर जहाज ठेवलेल्या हॉटेलकडं माना वर करून बघतात, मुस्तफात बॅगा भरतात आणि परतीचं विमान धरतात. त्या सगळ्या फोटोंत मागं जे संथ पाणी दिसतं ते समुद्राचं असणार असाच बहुतेकांचा समज असतो. ते समुद्राचं नाही. गोडं पाणी आहे, पिण्यासाठी साठवलेलं आहे. ते ज्यानं अडवलंय ते मरीना बराज तिथून चालत जाण्याजोगं आहे आणि आत जायला तिकीट नाही. तरी आम्ही गेलो तेव्हा मराठी बोलणारे फक्त आमच्याच घरचे होते.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात यांत्रिकी बाजूला गेली. दरवाजे, होइस्ट, रबर सील, ग्रीस. धरण म्हटलं की लोकांना भिंत दिसते, मला दरवाजा दिसतो. लेक आणि जावई पुंगोलला राहतात. त्यांच्याकडं मुक्कामाला असताना जावयानं विचारलं, "आबा, काय काय बघायचंय?" मी पहिलं नाव हेच सांगितलं. त्यावर ही म्हणाली, "अहो, जन्मभर दरवाजेच बघितलेत की. विमानानं येऊन परत दरवाजेच?" नातवाला मात्र पटलं, कारण छपरावर पतंग उडवता येतात हे त्याला आधीच माहीत होतं.

जायचं कसं, तर गार्डन्स बाय द बे नावाचं मेट्रो स्टेशन आहे, तिथून थोडं चालायचं. मरीना बे स्टेशनवरून बसही जाते. चालणार असाल तर टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. तिथली सकाळची दहाची वेळ म्हणजे आपल्याकडची मे महिन्यातली दुपारची दोनची.

आता मुख्य माल. मरीना खाडीच्या मुखावर सुमारे साडेतीनशे मीटर लांबीचा हा अडसर आहे. वर चालायला पूल, खाली नऊ पोलादी दरवाजे, एकेक जवळपास तीस मीटर रुंद. आपल्या धरणांचे वक्राकार दरवाजे वर उचलतात आणि पाणी खालून उसळी घेत सुटतं. इथं उलटं आहे. दरवाजाची बिजागरी तळाशी, हायड्रॉलिक दट्ट्यांवर तो हळूहळू आडवा होतो आणि पाणी त्याच्या डोक्यावरून जातं. जोराचा पाऊस झाला आणि समुद्राला ओहोटी असली की दरवाजे खाली घेतात, शहरातलं पाणी समुद्रात. भरती असली तर दरवाजे उघडून उपयोग नाही, समुद्रच आत शिरेल. मग दरवाजे बंद ठेवून पंप चालवतात.

कोल्हापूरकराला हे समजायला वेळ लागू नये. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे दुसरं काय? पावसाळा सरला की बरगे, म्हणजे फळ्या, घालायचे, पाणी तुंबवायचं. पुढच्या पावसाळ्याआधी बरगे काढून नदीला वाट मोकळी करायची. आमचे बरगे वर्षातून एकदा निघतात, यांना रोजच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. तिथं पावसाळा असा वेगळा नाहीच, बारा महिने कधीही कोसळतो. वर्षाला सुमारे २४०० मिलिमीटर. गगनबावड्याच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण गगनबावड्यात ऑर्चर्ड रोडसारखा दुकानांनी भरलेला रस्ता नाही.

पंप सात आहेत. एकेक पंप सेकंदाला ४० घनमीटर पाणी फेकतो, म्हणजे सातही चालू झाले की २८० घनमीटर. घनमीटरात आमच्या डोक्यात काही शिरत नाही, म्हणून मी तिथंच उभं राहून क्युसेकमध्ये हिशेब केला. सुमारे ९,९०० क्युसेक. आणि मग माझं मलाच हसू आलं. राधानगरी धरणाला स्वयंचलित दरवाजे किती? सात. एका दरवाजातून विसर्ग किती? १४२८ क्युसेक, पावसाळ्यात कोल्हापुरात शाळकरी पोराला विचारलं तरी सांगेल. सातही उघडले की ९,९९६. म्हणजे मरीनाचे सात पंप आणि राधानगरीचे सात दरवाजे पाण्याच्या मापात जवळपास बरोबरीत.

फरक असा की राधानगरीच्या दरवाजांना वीज लागत नाही, बटण दाबायला माणूस लागत नाही. पाणी ठरावीक पातळीला आलं की दरवाजा आपला आपण उघडतो आणि उतरलं की बंद होतो. शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतलं तेव्हा सिंगापूरच्या नदीत मालाच्या होड्यांची दाटी होती. मी तिथल्या पंपांचं कौतुक करतोच, सपाट जमीन आणि पुढं समुद्र असताना पाणी आपल्या वजनानं कुठं जाणार? पण विजेवाचून चालणाऱ्या दरवाजाची किंमत मला मरीनाच्या पुलावर उभं राहून नव्यानं कळली.

सवयीप्रमाणं गंजही शोधला. कठड्याचे नटबोल्ट, रंगाचे पोपडे, सांध्यातून ओघळणारा तांबूस डाग, असलं काहीतरी दिसेल म्हणून दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं. खाऱ्या हवेत पोलाद उभं आहे, बराज २००८ पासून चालू आहे, काहीतरी दिसायला हवं होतं. जिथंवर नजर जात होती तिथंवर नाही दिसलं. देखभालीला पैसे मिळतात आणि ते वेळेवर मिळतात, हे त्यावरून ओळखायचं. आमच्या धंद्यात नवीन दरवाजाला हार घालायला सगळे येतात, सील बदलायच्या अंदाजपत्रकाला कुणी वाली नसतो.

सीलवरून आठवलं. आत माहितीचं दालन आहे, पर्यावरण, पाणी, हवामान बदल वगैरे. शाळेच्या पोरांना डोळ्यांपुढं ठेवून केलंय आणि पोरं खरंच रमतात. माझ्यासारख्याला दरवाजाचं मापासकट छेदचित्र हवं असतं. तिथं माहिती देणाऱ्या एका बाईंना मी विचारलं की तळाचं रबर सील बदलताना पाणी कसं अडवता. त्या हसल्या, म्हणाल्या, आजवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. लेक मागून माझा सदरा ओढत होती. पाव गुण इथं गेला.

उरलेला पाव गुण छपरावर. छप्पर म्हणजे हिरवळीचं मोठं मैदान आहे, उतारावरून गोल वर चढत जायचं. तिथं लोक पतंग उडवतात, डबे उघडून बसतात. वारा झकास, मांजा नाही, काटाकाटी नाही, नुसते रंगीत आकार डोक्यावर. पण सावली म्हणाल तर आपापल्या छत्रीची. खाली उतरल्यावर जवळपासच एका ठिकाणी चहा घेतला. त्या चहाचे डॉलर रुपयात करून बघू नयेत आणि चवीबद्दल हिला विचारू नये.

एवढ्यावर मी चार गुण दिले असते. वरचा अर्धा हे तळं शहराच्या कुठल्या टोकाला आहे त्यासाठी.

आपल्याकडं पिण्याचं पाणी घेतात ते शहराच्या वरच्या अंगाला. कोल्हापूर बालिंगा, शिंगणापूरला पाणी उचलत आलं. वापरलेलं पाणी जयंती नाल्यानं, दुधाळी नाल्यानं खाली पंचगंगेत. खाली इचलकरंजी तेच उचलणार. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली ती याच नदीकाठी. कसबा बावड्याला ७६ एमएलडीचं, म्हणजे दिवसाला ७६ दशलक्ष लिटरचं, सांडपाणी केंद्र झालं, दुधाळीला १७ चं, फरक पडला, पण नदीचं दुखणं सरलं नाही. मग आम्ही काय केलं? आणखी वर सरकलो. दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाहून थेट पाईपलाईन आणली, २०२३ च्या दिवाळीत तिचं पाणी शहरात आलं. इचलकरंजीनं पण दूधगंगेकडं बोट दाखवलं, सुळकूड योजना मांडली. तिथल्या गावांनी विरोध केला. नदी घाण झाली की तिला सोडून वरची दुसरी गाठायची. पंचगंगा कुणाची, तर खाली राहणाऱ्याची.

मरीनाचं तळं शहराच्या शेपटाला आहे. सुमारे १०,००० हेक्टरांवर पडलेला पाऊस, म्हणजे त्या देशाच्या सहाव्या भागावरचा, तिथं येतो. आणि तो भाग जंगलाचा नाही, ऐन शहराचा आहे. बाजार, बँका, हॉटेलं, चायनाटाऊन, गेलांग, सगळ्यांची पावसाळी गटारं उतरत उतरत इथं येतात. पानपट्टीसमोर टाकलेली बाटली शेवटी आपल्याच नळाच्या वाटेला लागते. वरचा माणूस आणि खालचा माणूस एकच. त्यांना सरकायला वर जागाच नाही. हे त्यांनी मुद्दाम अंगावर घेतलं आणि २०१० पासून ते तळं गोड्या पाण्याचं धरलं जातं. यासाठी मैलापाण्याचे नळ पावसाच्या गटारांपासून पूर्ण वेगळे हवेत, आणि तसे ते आहेत. मैलापाण्यासाठी क्रांजीपासून चांगीपर्यंत ४८ किलोमीटरचा खोल बोगदाच काढलाय.

शिवाय गटार, मैला, धरण आणि नळ हे सगळं २००१ पासून एकाच संस्थेकडं आहे. तिचं नाव PUB, सरळ वाचलं तर पब. हिनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जावयाकडं बघितलं. आपल्याकडं धरण एकाकडं, नाला दुसऱ्याकडं, प्रदूषणाची नोटीस काढणारा तिसरा, पूररेषा आखणारा चौथा. पूर मात्र एकच येतो आणि तो या चौघांची हद्द बघत नाही.

अशी नदी आयती मिळाली नाही, हेही सांगायला हवं. १९७७ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी अप्पर पीअर्स धरणाच्या उद्घाटनात सांगितलं की दहा वर्षांत सिंगापूर नदीत आणि कलांग नदीत मासे धरता आले पाहिजेत. तेव्हा त्या नद्यांत काय नव्हतं? डुकरांच्या आणि बदकांच्या शेकडो वाड्यांचा मैला, काठावरच्या झोपड्यांचे संडास, रस्त्यावर शिजवून विकणाऱ्यांचं खरकटं, होड्यांचं तेल. १९८७ ला काम पुरं झालं आणि दहा अधिकाऱ्यांना सोन्याची पदकं मिळाली. मुदत दहा वर्षं सांगितली आणि दहा वर्षांत झालं, हे वाचून माझा खात्यातला एक जुना सहकारी म्हणाला, "छापताना एक शून्य राहिलं असंल."

मला त्यात कौतुक वाटलं ते क्रमाचं. नदी उपसण्याआधी माणसांची सोय. काठावरच्या हजारो कुटुंबांना सरकारी इमारतींत घरं दिली, रस्त्यावरच्या विक्रेत्यांना छपराखाली गाळे, नळ आणि गटार दिलं. आज पर्यटक ज्या हॉकर सेंटरांत बोटं चाटत जेवतात त्यांतल्या कित्येकांची सुरुवात अशीच आहे. सुतारवाड्यातल्या कोल्हापूरकरांना याचा अर्थ लगेच कळेल. पाणी वाढलं की पहिला निरोप त्यांनाच जातो. भांडीकुंडी बांधून चित्रदुर्ग मठात जायचं आणि पाणी उतरलं की परत त्याच ओल्या भिंतींत. २००५, २०१९, २०२१. सिंगापूरनं माणसं एकदा हलवली, आम्ही तीच माणसं दर पुराला हलवतो.

पण सगळंच गोड नव्हतं. ज्यांची डुकरं गेली त्यांचा धंदाच गेला. १९८३ ला मालाच्या होड्या पासिर पांजांगला धाडल्या, आणि ज्या धक्क्यांवर पिढ्यान्पिढ्या हमाली, वल्हवणं चालायचं ते रिकामे झाले. माझ्या लेकीचा फ्लॅट आहे त्या पुंगोलचीच गोष्ट घ्या. नद्यांच्या पाणलोटातून उठवलेल्या डुकरांच्या वाड्या आधी पुंगोलात आणून बसवल्या. थोड्या वर्षांनी सरकारनं ठरवलं की देशात डुकरंच पाळायची नाहीत, आणि १९९० च्या सुमाराला तिथल्याही उठल्या. आता त्याच पुंगोलमधून ४.२ किलोमीटरचा कृत्रिम जलमार्ग जातो, दोन्ही काठांना झाडं, सायकलींची वाट, आणि संध्याकाळी ही तिथं चालायला जाते. सुंदर आहे. मला मात्र चालताना त्या दोनदा उठवलेल्या माणसांची आठवण यायची. असला हुकूम आपल्याकडं चालला नसता आणि चालू नये असंही मला वाटतं. घर देऊन उठवणं आणि धंदा मोडून उठवणं यांत फरक आहे.

बराज पाहून झालं आणि अंगात ताकद उरली असली तर दुसऱ्या दिवशी बिशान-आंग मो कियो बागेत जा. मरीनात येणारी कलांग नदी तिथून वाहते. पूर्वी ती सरळ काँक्रीटच्या गटारातून जायची, २.७ किलोमीटर. २०१२ ला ते काँक्रीट फोडून नदीला पुन्हा वळणं दिली, लांबी तीन किलोमीटरच्या पुढं गेली. काठाला भिंत नाही. दगड, काड्यांच्या मोळ्या, मुळं धरणारी झाडं. आमच्या पिढीचा अभियंता हे बघून आधी नाक मुरडतो. काठ वाहून जाईल की! त्यांनाही ती शंका होती, म्हणून २००९ ला एका छोट्या ओढ्यावर आधी निरनिराळ्या पद्धती करून बघितल्या आणि टिकल्या त्या वापरल्या. पूर आला की नदी हिरवळीवर पसरते, जवळपास शंभर मीटर रुंद होते. उरलेल्या दिवशी त्याच हिरवळीवर लोक कुत्री फिरवतात.

आम्ही होतो तेव्हा दुपारी अंधारून आलं. पहिले थेंब पडायच्या आतच नदीकाठचे दिवे लुकलुकायला लागले, भोंगा झाला, ध्वनिवर्धकावरून सूचना सुरू झाली. दगडांवरून उड्या मारणारी पोरं एका मिनिटात वर. कुणी आरडाओरडा नाही, पोलीस नाही, शिट्ट्या नाहीत. आम्ही छपराखाली उभं राहून बघत होतो. घोट्याएवढं पाणी अर्ध्या तासात गढूळ होऊन गवतावर चढलं, पायऱ्यांचे दगड दिसेनासे झाले. काठावर लाल खुणा आहेत त्यांच्याकडं माझं लक्ष. मी मनात राजाराम बंधाऱ्याची पातळी वाचल्यासारखा फूट मोजत होतो. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३, हे आकडे आमच्या हाडांत आहेत. पंचगंगेला पाणी आलं की अख्खं कोल्हापूर पाणी बघायला घाटावर जातं. इथं पाणी आलं की लोक पाण्यापासून लांब जात होते. नातू म्हणाला, "आजोबा, चला ना वर." मीच मागं रेंगाळत होतो.

पाऊस थांबल्यावर पाणमांजरं दिसली, तीन-चार, एकमेकांच्या अंगावर लोळत. सिंगापुरात त्यांच्या टोळ्यांना नावं आहेत. बिशानच्या टोळीनं पुढं मरीनात जाऊन तिथल्या टोळीला हुसकावलं आणि बस्तान बसवलं. लोकांच्या बंगल्यातल्या हौदातले महागडे मासेही ती फस्त करतात. नदी स्वच्छ झाल्याचा हा पुरावा ज्यांचे मासे जातात त्यांना फारसा आवडत नाही म्हणे.

आता कुणी म्हणेल, एवढं सगळं करून तिथं पाणी तुंबतच नाही का? तुंबतं. २००९ च्या नोव्हेंबरात बुकित तिमाहला पाणी भरलं तेव्हा मंत्री म्हणाले होते की असा पाऊस पन्नास वर्षांतून एकदा येतो. २०१० च्या जूनमध्ये ऑर्चर्ड रोड भरला, ऐन खरेदीचा रस्ता, तळघरातली दुकानं पाण्यात. बराज चालू होतं, पंप होते, तरी भरला. कारण पाणी बराजपर्यंत पोचायच्या आधीच वाटेतली गटारं अपुरी पडली. पन्नास वर्षांतून एकदा हा शब्दप्रयोग आमच्या खात्यातही फार लाडका. आपल्या वाट्याला ती पन्नास वर्षं २०१९ आणि २०२१ मध्ये बसली, दोन्ही वेळा महामार्ग बंद आणि कोल्हापूर बेट.

मला बघायचं होतं ते पुढचं, म्हणजे मार खाल्ल्यावर त्यांनी काय केलं. त्यांनी ऑर्चर्ड रोडच्या वरच्या अंगाला ३८,००० घनमीटरची, म्हणजे ३ कोटी ८० लाख लिटरची टाकी जमिनीखाली बांधली आणि नवा वळण-कालवा काढून पाणी परस्पर सिंगापूर नदीकडं वळवलं. दोन्ही कामं २०१८ पर्यंत पुरी. टाकीवर बसगाड्यांचा तळ आहे; खाली काय आहे हे वरून कळत नाही. ते बघण्यासारखं काही नाही, मी तरी जावयाला गाडी तिकडून घ्यायला लावली.

आणि पुढचा हिशेब शंभर वर्षांचा आहे. समुद्र या शतकाअखेर एक मीटरहून अधिक वर येऊ शकतो असा त्यांचा अंदाज. २०१९ मध्ये पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी भाषणात सांगितलं की किनारा राखायला शंभर वर्षांत शंभर अब्ज डॉलर किंवा त्याहून जास्त लागतील. २०२० पासून किनाऱ्याचं कामही त्याच पबकडं दिलं. पूर्व किनाऱ्यासमोर सुमारे ८०० हेक्टरांचं लाँग आयलंड भरून काढायचं आणि त्याच्या आडोशाला आणखी एक गोड्या पाण्याचा साठा करायचा, असा बेत २०२३ ला जाहीर झाला. शेजारच्या मलेशियातल्या जोहोरकडून नदीचं पाणी घ्यायचा १९६२ चा करार २०६१ ला संपतो, त्याची घाई या सगळ्यामागं आहे. मुदत संपायच्या कितीतरी आधी तयारी करणं हा प्रकार मी नोकरीत फारसा बघितला नाही.

तुलना करताना थोडं सांभाळून, एवढं मात्र मी परत आल्यावर भेटेल त्याला सांगतो. सिंगापूर शहरही आहे आणि देशही. वर दुसरं राज्य नाही, खाली अलमट्टी नाही, विसर्ग वाढवा म्हणून फोन करायला कर्नाटक नाही. पैसा आहे, आणि सरकारनं म्हटलं की होतं. पंचगंगेला ते जसंच्या तसं लावता येणार नाही. पण गावाचं गटार आणि गावाचा नळ एकाच्या हातात द्यायला समुद्र लागत नाही, शंभर अब्जही लागत नाहीत.

कुणी जावं? पाटबंधाऱ्यातल्या, महापालिकेतल्या, पाणीपुरवठ्यातल्या प्रत्येकानं, स्वखर्चानं. अभ्यासदौरा काढून गेलात तर मर्लायनपाशीच वेळ संपतो. लहान पोरं असतील तर खाली पाण्यात खेळायची जागा आहे, कपड्यांचा एक जोड जादा घ्या. वयस्कर माणसांना उतारावरून चढता येतं, पायऱ्यांची गरज नाही. दुपार टाळा, पाचनंतर जा. उन्हं कलली की वारा सुटतो. दालनाची वेळ आणि सुट्टीचा वार आधी बघून घ्या. आणि दरवाजे चालताना बघायचे असतील तर ओहोटीची वेळ आणि पावसाचा अंदाज जुळवून जा. आमचा योग आला नाही, दरवाजे ताठ उभे होते.

बराजच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक पंपगृह बांधायचा विचारही त्याच २०१९ च्या भाषणात होता. ते झालं की परत येणार म्हणून जावयाला सांगून ठेवलंय. तो म्हणाला, "या की आबा, तिकीट मी काढतो. फक्त त्या बाईंना परत सीलचं विचारू नका."